दोन्ही डगरींवरचा मासा

पाण्याचे गोडे आणि खारे असे दोन वर्ग पाडून माणसाने स्वतःची मोठी सोय करून घेतली आहे. एका पाण्यासाठी एक खाते, दुसऱ्यासाठी दुसरे. एका पाण्याचा मासेमारीचा परवाना दुसऱ्या पाण्यावर दाखविला तर तो बाद. या व्यवस्थेत माशांचीही वाटणी ठरलेली असून रोहू-कटल्याने नदी-तळ्यात आणि पापलेट-सुरमईने समुद्रात राहावे अशी अपेक्षा असते, आणि बहुतेक मासे ती निमूटपणे पूर्ण करतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील पट्टेदार बास मात्र ती करीत नाही. तो जन्मतो नदीत, वाढतो खाडीत, हिंडतो समुद्रात आणि विणीचे दिवस आले की पुन्हा नदीत शिरतो. शिवाय एखाद्या धरणाने वाट अडवलीच, तर समुद्राचे नावही न काढता जलाशयात पिढ्यानुपिढ्या नांदू शकतो. दोन्ही डगरींवर हात ठेवणे हे माणसांत लबाडीचे लक्षण समजले जाते. या माशात ते निव्वळ शरीररचनेचे लक्षण आहे. परंतु गेल्या चारशे वर्षांत राज्यकर्ते, अभियंते, शास्त्रज्ञ, न्यायाधीश आणि गळ टाकून बसणारे हौशी लोक यांपैकी ज्यांचा ज्यांचा त्याच्याशी संबंध आला, त्यांना त्याने कधी ना कधी पेचात टाकलेले आहे.

इंग्रजीत स्ट्राइप्ड बास आणि शास्त्रीय वर्गीकरणात मोरोने सॅक्सॅटिलिस म्हणून ओळखला जाणारा हा मासा म्हणजे महाराष्ट्रातील हॉटेलांत काटे नसल्याच्या एकमेव गुणावर खपणारा बासा नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. तो बासा पंगस कुळातला, व्हिएतनामकडचा. त्याचा येथे काहीही संबंध नाही. पट्टेदार बासचे अंग रुपेरी, पाठ हिरवट-काळसर आणि दोन्ही कुशींवर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या सात-आठ गडद रेघा असतात. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीपासून फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतचा अटलांटिक किनारा आणि मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या काही नद्या हा त्याचा मूळ मुलूख. आयुष्य तीस वर्षांपर्यंत जाते. १८९१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टन येथे मिळालेल्या माशाचे वजन १२५ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो, नोंदलेले आहे. गळाने पकडलेल्या माशांचा आजचा विक्रम मात्र २०११ मधील, सुमारे ८२ पौंडांचा आहे. असे अवाढव्य मासे जवळजवळ नेहमीच माद्या असतात, त्यामुळे त्यांच्यासोबत छायाचित्र काढून घेणारे पुरुष आपल्या पराक्रमाविषयी बोलताना या तपशिलावर फारसे रेंगाळत नाहीत.

दोन पाण्यांत राहणे वरवर पाहता सोपे वाटते, पण त्यामागचा शरीराचा कारभार अवघड आहे. माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यातील प्रमाणाच्या साधारण एक-तृतीयांश असते. म्हणजे रक्त नदीच्या मानाने खारे आणि समुद्राच्या मानाने अळणी असते. परासरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार पाणी पातळ पडद्यातून कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे झिरपते. त्यामुळे नदीतल्या माशाच्या अंगात, त्याने एक घोटही न घेता, कल्ल्यांवाटे पाणी सारखे शिरत राहते आणि मूत्रपिंडांना रात्रंदिवस पातळ मूत्र बाहेर टाकण्याचे काम करीत बसावे लागते. समुद्रात नेमका उलटा प्रकार होतो. तेथे अंगातलेच पाणी बाहेर झिरपते, ते भरून काढण्यासाठी माशाला समुद्र पीत राहावे लागते, प्यालेल्या पाण्यासोबत आलेले मीठ कल्ल्यांतून बाहेर काढावे लागते आणि लघवीच्या बाबतीत कमालीची काटकसर करावी लागते. चोहोकडे अथांग पाणी असताना अंगातले पाणी जाईल या धास्तीने दिवस काढणे ही स्थिती विलक्षण खरी, पण समुद्रातील बहुतेक सर्व हाडांचे मासे ती तक्रार न करता भोगीत असतात.

पट्टेदार बासचे वैशिष्ट्य असे, की त्याला हे दोन्ही कारभार येतात. कल्ल्यांमध्ये क्षारांची ने-आण करणाऱ्या खास पेशी असतात. नदीत त्या पाण्यातले विरळ क्षार वेचून रक्तात आणतात आणि समुद्रात रक्तातले जास्तीचे क्षार बाहेर ढकलतात. आयातीचे खाते एका फेऱ्यात निर्यातीचे होते, आणि त्यासाठी नवी नेमणूक, नवी इमारत किंवा उद्‌घाटन यांपैकी कशाचीही गरज लागत नाही. गोड्या पाण्यातील कारभार मुख्यतः प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या, म्हणजे शरीरांतर्गत रासायनिक संदेशवाहकाच्या, हुकमाने चालतो आणि खाऱ्यातील कॉर्टिसॉलच्या. यांपैकी पहिले संप्रेरक सस्तन प्राण्यांत दूध निर्माण करण्याच्या कामी येते व दुसरे माणसांत मानसिक ताणाशी जोडले जाते, यावरून समुद्राविषयी काही निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकांनी आवरावा. सामन माशाच्या पिल्लांना समुद्रात उतरण्यापूर्वी कित्येक आठवडे अंगाचा रंग, आकार आणि स्वभाव बदलून पूर्वतयारी करावी लागते. पट्टेदार बासचा तरुण मासा तेवढा समारंभ करीत नाही. तळ्यात की मळ्यात, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

समुद्रात वाढून विणीसाठी नदीत चढणाऱ्या माशांना ॲनाड्रोमस म्हणतात. भारतात हिलसा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. कोकणातील वाचकाला या ठिकाणी जिताडा आठवेल आणि तो आठवणे योग्यच आहे, कारण तोही खाडीच्या दोन्ही पाण्यांत सारख्याच थाटात वावरतो. मात्र त्याचा क्रम उलटा असतो. जिताड्याची वीण नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात होते, पिल्ले वर गोड्या पाण्याकडे येतात आणि पुढे वय वाढल्यावर नरांच्या माद्या होतात. पट्टेदार बासने आपल्या आयुष्यात एवढी गुंतागुंत ठेवलेली नाही. त्याचा नर शेवटपर्यंत नरच राहतो. दोन ते चार वर्षांत तो वयात येतो आणि चेसापीकसारख्या उपसागरात बहुधा तेथेच मुक्काम ठोकतो. माद्या पाच ते आठ वर्षांपर्यंत वाढत राहून उन्हाळ्यात न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणि हिवाळ्यात परत दक्षिणेकडे असा शेकडो मैलांचा प्रवास करतात. घर सांभाळणारा नर आणि परगावी हिंडणारी मादी ही व्यवस्था चेसापीकमध्ये फार पूर्वीपासून चालत आलेली असून तिच्यावर कोणी परिसंवाद भरविल्याचे ऐकिवात नाही.

वसंतात पाण्याचे तापमान १५ ते २० अंश सेल्सियसच्या दरम्यान आले की नदीत वीण सुरू होते. नॉर्थ कॅरोलायनात रोअनोक नदीवर वेल्डन नावाचे छोटे गाव आहे, आणि ते स्वतःला या माशाची जागतिक राजधानी म्हणवून घेते. तेथे एका मोठ्या मादीभोवती अनेक लहान नर जमून तिला ढुशा देत, पाण्याच्या पृष्ठभागावर शेपट्यांनी इतका धुमाकूळ घालतात, की स्थानिक लोक त्या प्रकाराला सरळ मारामारी म्हणतात. प्रत्यक्षात तो विवाहसोहळा असतो. दोहोंत फरक करणे पाहुण्यांना नेहमीच जमते असे नाही. मोठी मादी एका मोसमात वीस लाखांहून अधिक अंडी सोडू शकते. ही अंडी पाण्याहून किंचितच जड असतात आणि उबण्यासाठी त्यांना सुमारे दोन दिवस प्रवाहाबरोबर तरंगत जावे लागते. प्रवाह मंद पडला तर ती तळाशी बसतात आणि गाळात गुदमरतात. थोडक्यात, या माशाला नदी नुसती गोडी असून भागत नाही, ती वाहतीही लागते आणि दोन दिवस वाहता येईल एवढी लांबही लागते. धरणे बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ही मागणी अवाजवी होती.

धरणांपूर्वीचा काळ या माशासाठी सुबत्तेचा होता, निदान तसे लिहिणारे होते. १६१४ मध्ये न्यू इंग्लंडचा किनारा पाहून गेलेल्या कॅप्टन जॉन स्मिथने भरती पालटताना या माशांची अशी दाटी पाहिली, की त्यांच्या पाठींवर पाय देत कोरड्या पायांनी पलीकडे जाता यावे असे त्याला वाटले. हा गृहस्थ नव्या वसाहतींकडे लोक वळवण्याच्या खटपटीत होता, हे लक्षात घेऊन त्या दाटीतील काही मासे वजा करण्यास हरकत नाही. तरी मासे विपुल होते यात शंका नाही, कारण वसाहतकरी ते शेतात खत म्हणून पुरत असत. अखेर १६३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने बास आणि कॉड या माशांचा खतासाठी वापर करण्यास कायद्याने मनाई केली. पुढे १६७० मध्ये प्लिमथ वसाहतीने केप कॉड येथील बास, बांगडा व हेरिंग यांच्या मासेमारीचे उत्पन्न मोफत शाळेसाठी लावून दिले. शिक्षणाचा खर्च माशांवर टाकण्याचा हा प्रयोग इतरत्र फारसा अनुकरला गेला नाही, ही खेदाची बाब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यू यॉर्कमधील श्रीमंत मंडळींनी कटीहंकसारख्या बेटांवर या माशासाठी क्लब काढले, समुद्रात लाकडी फलाट उभारले आणि त्यांवर बसून शेवंडीचे मांस आमिष म्हणून गळाला लावले. आजच्या भावात आमिषाची किंमत पाहिली, तर त्या मंडळींनी गळ बाजूला ठेवून आमिषच का खाल्ले नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडल्यावाचून राहणार नाही.

पूर्व किनाऱ्यावर इतके मासे असताना पश्चिम किनाऱ्यावर एकही नसावा, हे एकोणिसाव्या शतकातील उत्साही मत्स्यखात्याला सहन होण्यासारखे नव्हते. लिव्हिंग्स्टन स्टोन नावाच्या मत्स्यपालकाने १८७३ मध्ये मासे भरलेला रेल्वेचा खास डबा कॅलिफोर्नियाकडे नेला असता नेब्रास्कात एल्कहॉर्न नदीवरील पूल कोसळून डबा नदीत पडला आणि पूर्वेकडचे तऱ्हेतऱ्हेचे मासे, ज्यांना नेब्रास्का पाहण्याची कधीच इच्छा नव्हती, तेथेच उतरले. स्टोन बचावला आणि खचला नाही. १८७९ मध्ये न्यू जर्सीतील नेव्हसिंक नदीतून पकडलेले पट्टेदार बास घेऊन तो रेल्वेने अख्खा देश ओलांडून गेला आणि १३२ मासे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या वरच्या अंगाला मार्टिनेझ येथे पाण्यात सोडण्यात आले. १८८२ मध्ये आणखी सुमारे ३०० आले. एवढ्या भांडवलावर दहा वर्षांच्या आत तो मासा बाजारात विकला जाऊ लागला आणि १८९९ मध्ये त्याची वर्षाची पकड बारा लाख पौंडांच्या वर गेली. कोणत्याही सहकारी संस्थेच्या अहवालात असा परतावा दाखवला असता, तर हिशेबतपासनीस तातडीने पाठवला गेला असता. आता तेथे वाद वेगळाच आहे. सॅक्रामेंटो-सॅन होआकिन नद्यांतील सामनची पिल्ले घटली, तेव्हा शेतीसाठी पाणी उपसणाऱ्यांनी पट्टेदार बासकडे बोट दाखविले, गळवाल्यांनी पंपांकडे दाखविले, आणि या माशावरील मासेमारीचे निर्बंध सैल करावेत हा प्रस्ताव राज्याच्या आयोगाने २०१२ मध्ये फेटाळला. १३३ वर्षे राहूनही परका तो परकाच, हा अनुभव केवळ माशांचा आहे असे नाही.

दुसरा मोठा प्रयोग कोणी ठरवून केलेला नव्हता. साउथ कॅरोलायनात वीजनिर्मितीसाठी सँटी आणि कूपर या नद्यांवर धरणे बांधून १९४१-४२ च्या सुमारास मॅरियन आणि मोल्ट्री असे दोन प्रचंड जलाशय निर्माण करण्यात आले. त्यांच्या वरच्या अंगाला पट्टेदार बासही राहिले. समुद्राशी नाते तुटल्यावर ते संपतील असे मानणे सयुक्तिक होते. परंतु या दक्षिणेकडील नद्यांतले बास मुळातच समुद्राकडे क्वचित जाणारे होते, आणि जलाशयाच्या वर काँगारी व वॉटरी या नद्या अंडी वाहून नेण्याइतक्या लांब, मोकळ्या उरलेल्या होत्या. मासे संपले नाहीत, वाढले. १९५० च्या दशकात ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या नोंदीत आल्यावर अमेरिकेतील प्रत्येक जलाशयाच्या काठावरील लोकप्रतिनिधीला हा मासा आपल्याही मतदारसंघात असावा असे वाटू लागले.

मागणी वाढली, पण पिल्ले कोठून आणायची हा प्रश्न होता. नदीतून अगदी विणीच्या घटकेला आलेली मादी मिळाली तरच अंडी मिळत, आणि ती घटका मादी कोणाला कळवीत नसे. साउथ कॅरोलायनातील मंक्स कॉर्नर येथील मत्स्यबीज केंद्रात रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी १९६० च्या दशकात ही अडचण सोडविली. त्यांनी मादीला ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन या संप्रेरकाचे इंजेक्शन दिले, आणि तिने नदी चढण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी अंडी दिली. हे संप्रेरक गर्भवती स्त्रियांच्या मूत्रापासून वेगळे करतात. ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या सीमेवरील टेक्सोमा जलाशयात समुद्रापासून शेकडो मैलांवर हा समुद्रमासा गळाला लागतो तेव्हा त्याच्या वंशावळीत अनेक अनोळखी मातांचा असा अप्रत्यक्ष वाटा असतो, ही गोष्ट जलाशयावरील माहितीफलकांवर लिहिण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले दिसत नाही. याच केंद्राच्या कामातून पट्टेदार बासची मादी आणि गोड्या पाण्यातील पांढऱ्या बासचा नर यांचा संकर निघाला. आज अमेरिकेतील हॉटेलांत पट्टेदार बास म्हणून जो ताटात येतो, तो पुष्कळदा तळ्यात पाळलेला हा संकरच असतो. त्याच्या कुशीवरील रेघा मध्येच तुटलेल्या असतात. शिजवल्यावर हे ओळखता येत नाही आणि हॉटेलवाल्यांना त्याचे वाईट वाटत नाही.

जलाशयांतील सर्वच कथा सुखान्त नाहीत. कोलोरॅडो नदीवरील लेक पॉवेलमध्ये १९७४ मध्ये पट्टेदार बास सोडले, तेव्हा ते तेथे वीण करणार नाहीत अशी तज्ज्ञांची अटकळ होती. माशांनी ती वाचलेली नव्हती. त्यांची संख्या एवढी वाढली, की खाद्य म्हणून आधी सोडलेले शॅड मासे त्यांनी फस्त केले आणि नंतर स्वतःच डोके मोठे व अंग बारीक अशा उपासमारीच्या अवस्थेत फिरू लागले. तेथे आजही हवे तितके बास पकडण्यास मुभा आहे, ही एखाद्या देखण्या शिकारी माशाची मोठीच मानहानी होय. इतरत्र उन्हाळा त्याला गाठतो. मोठ्या बासला थंड पाणी लागते, साधारण २५ अंशांच्या आतले. उन्हाळ्यात जलाशयाचा वरचा थर तापतो आणि खालच्या थंड थरातला प्राणवायू संपतो. वर उकाडा, खाली गुदमर, आणि मध्ये उरलेल्या अरुंद थरात सगळे मोठे मासे दाटीवाटीने उभे, असा हा कोंडमारा चार्ल्स कूटंट यांनी १९८५ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडला. उपनगरी गाडीने प्रवास करणाऱ्या मुंबईकराला तो समजण्यासाठी मूळ निबंध वाचावा लागणार नाही.

या माशाची खरी कर्तबगारी मात्र न्यू यॉर्कमध्ये, आणि तीही न्यायालयात, दिसून आली. हडसन ही नदी समुद्राजवळ खारी, वर गोडी आणि मधल्या दीर्घ टप्प्यात भरती-ओहोटीप्रमाणे मत बदलणारी आहे, त्यामुळे पट्टेदार बासला ती अत्यंत मानवते. १९६२ मध्ये एका वीज कंपनीने तेथील स्टॉर्म किंग डोंगरावर एक प्रकल्प योजला: रात्री नदीचे पाणी डोंगरावर चढवायचे आणि दिवसा विजेला भाव असताना खाली सोडायचे. तो भाग बासच्या विणीचा होता आणि पंपांनी पाण्याबरोबर अंडी व पिल्लेही ओढली जाणार होती. डोंगराच्या सौंदर्यासाठी उभ्या राहिलेल्या नागरिकांना मासा हा दुसरा वादमुद्दा मिळाला. १९६५ च्या निकालाने अशा नागरिकांना न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार मान्य केला, आणि १९८० मध्ये कंपनीने प्रकल्प सोडून तडजोड केली. अमेरिकेतील पर्यावरणविषयक कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा निकाल असतो. माशाचे नाव पक्षकारांच्या यादीत नाही.

त्यानंतरचे प्रकरण वेस्टवेचे. मॅनहॅटनच्या पश्चिम काठाला नदीत सुमारे २०० एकर भराव टाकून त्याच्या पोटातून सहा पदरी महामार्ग न्यायचा आणि वर उद्याने व इमारती उभारायच्या, अशी ती दोन अब्ज डॉलरांच्या घरातली योजना होती. महापौर, गव्हर्नर आणि केंद्र सरकार अशा सर्वांचा आशीर्वाद तिला लाभला होता. भरावाची जागा म्हणजे मोडकळीस आलेल्या धक्क्यांमधले काळे, कुजके पाणी. तेथे जीवसृष्टी जवळजवळ नाहीच, असे प्रकल्पाच्या अहवालात बिनदिक्कत लिहिले गेले. पुढे हिवाळ्यात जाळी टाकून पाहिली, तर त्या कुजक्या खांबांच्या आडोशाला पट्टेदार बासची पिल्ले मोठ्या संख्येने थंडी काढीत असल्याचे आढळले. ही माहिती नीट पुढे न आणता परवाना दिल्याबद्दल न्यायाधीश थॉमस ग्रीसा यांनी १९८२ मध्ये तो परवाना रोखला. पुन्हा अभ्यास झाला, पुन्हा परवाना दिला गेला, तो १९८५ मध्ये पुन्हा रद्द झाला आणि योजना कायमची बुडाली. रस्त्यासाठी राखलेल्या पैशाचा मोठा भाग सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्यात आला. बोटभर लांबीच्या पिल्लांनी काहीही न करता, केवळ नेहमीच्या जागी हजर राहून, एक महामार्ग थांबवला, हे यश अनेक जनआंदोलनांना उपोषणे करूनही मिळालेले नाही.

याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्यांनी कित्येक वर्षे पीसीबी नावाची विषारी रसायने पाण्यात सोडली होती. ती माशांच्या चरबीत साठतात, म्हणून १९७६ मध्ये हडसनमधील पट्टेदार बासची व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली. परिणामी माशाची चव घेण्यास माणूस घाबरला आणि मासा निर्धास्तपणे वाढला. शेजारच्या चेसापीकमध्ये पाणी त्या मानाने बरे होते, म्हणून तेथे तो मनसोक्त खाल्ला गेला. अटलांटिक किनाऱ्यावरील नव्या पिढीतील बहुतांश मासे त्या एका उपसागरात जन्मतात, आणि १९७३ मध्ये १ कोटी ४७ लाख पौंडांवर पोहोचलेली व्यापारी पकड दहा वर्षांत पाव हिश्शाच्या आसपास कोसळली. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने खास या माशासाठी कायदा केला, १९८५ ते १९९० मेरीलँडने संपूर्ण बंदी घातली आणि १९९५ मध्ये मासा सावरल्याची घोषणा झाली. सावरल्याची घोषणा झाली की मासेमारी वाढते, हा नियम कायद्यात लिहिलेला नसला तरी पाळला गेला. २०१९ मध्ये तो पुन्हा अतिरेकी मासेमारीच्या यादीत दाखल झाला.

मासा दोन पाण्यांत राहतो म्हणून त्याचे नियमही दुहेरी आहेत. किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत राज्यांची हद्द आणि त्यापुढे केंद्राची. राज्याच्या हद्दीत ठरावीक मापाचा मासा ठेवता येतो, केंद्राच्या हद्दीत १९९० पासून एकही ठेवता येत नाही. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी चेसापीकच्या काठी जाऊन या माशाच्या संरक्षणाच्या आदेशावर सही केली. न्यू यॉर्क राज्याने २००६ मध्ये त्याला अधिकृत सागरी मासा जाहीर केले. त्याच राज्यातला हा मासा हडसनच्या गोड्या पाण्यात जन्मतो, ही बाब विधिमंडळाने मनाला लावून घेतली नाही. वास्तविक प्रत्येक मासा आपल्या वास्तव्याची नोंद स्वतःजवळ बाळगतो. त्याच्या कानात कर्णाश्म नावाचा चुन्याचा बारीक खडा असतो, त्यावर वर्षागणिक थर चढतात, आणि समुद्रात साठलेल्या थरात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य जास्त तर नदीतल्या थरात कमी सापडते. डेव्हिड सेकर यांनी हडसनमधील माशांचे असे खडे तपासले तेव्हा दिसून आले, की एकाच नदीत जन्मलेल्यांपैकी काही आयुष्यभर वरच नदीत राहतात, काही खाडीत आणि काही समुद्रात. अधिवासाचा इतका बिनचूक दाखला कोणत्याही तहसील कार्यालयातून मिळत नाही. अडचण एवढीच, की तो पाहण्यासाठी अर्जदाराचे डोके फोडावे लागते.

गळवाल्याला ते करण्यास सवड नसते, म्हणून त्याच्यासाठी मोजपट्टी ठरविली आहे. मोठ्या माद्या वाचाव्यात आणि लहान मासे वाढावेत या हेतूने मधल्या लांबीचाच मासा घरी नेण्याची परवानगी असते. समुद्रात २०२० मध्ये ती २८ ते ३५ इंच होती. पण २०१५ साली जन्मलेली मोठी पिढी नेमकी त्या मापात येऊन भरमसाट पकडली जाऊ लागल्यावर २०२३ मध्ये ती तातडीने २८ ते ३१ इंचांवर आणली गेली. न्यू यॉर्कमध्ये हडसनसाठी, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या उत्तरेस, २०२४ पासून हेच माप २३ ते २८ इंच आहे. म्हणजे २५ इंची मासा पुलाच्या वर नेण्याजोगा आणि खाली लहान. ३० इंची मासा खाली नेण्याजोगा आणि वर मोठा. पुलावरून रोज जाणाऱ्या लाखो वाहनांना याची कल्पना नसते. त्या पुलाच्या पश्चिमेचे टोक ज्या न्यू जर्सीत उतरते, तेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तेथे रानटी पट्टेदार बास विकण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे दुकानात तुटक्या रेघांचा मासा दिसल्यास तो तळ्यातला संकर समजावा. अखंड रेघांचा हवा असेल तर स्वतः गळ टाकण्याला पर्याय नाही, आणि नियम वरचेवर बदलत असल्याने घरून निघण्यापूर्वी त्या वर्षीचे माप पाहून घेणे इष्ट. हडसनवर जाणाऱ्याने मोजपट्टीइतकेच दिशेचेही भान ठेवावे. मासा तीस इंचांचा भरला आणि पूल दक्षिणेला दिसत असला, तर तो मासा पाण्यात परत सोडावा.